‘बटण दाबल्यावर दार उघडावं’: व्याकरणानं सूत्र काढावं का?

सूत्रधार: ‘बटण दाबल्यावर दार उघडावं’ ही लिफ्टच्या कंट्रोलरची रिक्वायरमेंट, म्हणजे त्यानं काय करावं याची मागणी. लगेच उघडावं? दोन सेकंदांत? की कधीतरी? टेम्पोरल लॉजिकमध्ये, म्हणजे आमिर प्नुएलींनी १९७७ मध्ये प्रोग्रॅम तपासायला आणलेल्या काळाच्या तर्कशास्त्रात, तिन्हींची सूत्रं, म्हणजे यंत्राला तपासता येणारी रूपं, वेगळी. म्हणून मला नासाच्या एम्स केंद्राचं ‘फ्रेट’ हे रिक्वायरमेंट लिहायचं सॉफ्टवेअर पटतं. त्यात इंग्रजी मोकाट नसते. व्याप्ती, अट, घटक, वेळ, प्रतिसाद असे ठरलेले रकाने, म्हणजे वाक्याचं पक्कं व्याकरणच. वाक्य त्यात बसलं की सूत्र आपोआप तयार.

जुना_टेस्टर: बसलं तर! आमच्याकडे रिक्वायरमेंट फोनवर येते, ‘नेहमीसारखं करा’. आणि फ्रेटमध्ये वेळेचा रकाना रिकामा सोडला तर ते ‘कधीतरी’ धरतं. दार उद्या उघडलं तरी सूत्र खरंच.

सूत्रधार: धरतं, पण लपवत नाही. सूत्राशेजारी अर्थ साध्या इंग्रजीत येतो, आकृतीही येते. वाचायचा कंटाळा केला तर दोष कोणाचा?

नवी_इंजिनिअर: एवढा खटाटोप कशाला? एआयला वाक्य द्या, सूत्र घ्या.

सूत्रधार: ‘दार बंद होईपर्यंत लिफ्ट हलू नये’ हे देऊन बघा. ‘पर्यंत’ दोन प्रकारचा. कडक ‘पर्यंत’ म्हणतो, दार कधी ना कधी बंद झालंच पाहिजे. सैल म्हणतो, नाही झालं तर नाही, फक्त हलू नका. दारात कोणाची बॅग अडकून राहिली, तर लिफ्ट जागची हललेली नसतानाही कडक सूत्र मोडतं. एआय यातलं एक उचलतं, कोणतं ते सांगेलच असं नाही. व्याकरणात निदान नियम दाखवता येतो.

नवी_इंजिनिअर: मग मराठीचंच व्याकरण लिहू. ‘दाबलं की’ म्हणजे लगेच, ‘दाबल्यानंतर’ म्हणजे सावकाश.

जुना_टेस्टर: ‘आलोच’ म्हणणारा आमच्याकडे अर्ध्या तासानं येतो. त्याचं कसलं सूत्र काढता! आणि बटणाची वायरच तुटली तर? सिग्नल आलाच नाही, म्हणजे अट कधी लागूच झाली नाही. सूत्र हिरवं, म्हणजे पास, आणि लोक आत अडकलेले.

सूत्रधार: हे खरंय. ‘बटण कधीतरी दाबलं जातं का’ हे वेगळं तपासावं लागतं. वाक्यातच नाही ते व्याकरण कुठून आणणार?