मदत हवी आहे: जीटीआयच्या टाकीत २ गॅलन लेडेड ११० (शिसं मिसळलेलं, ११० ऑक्टेनचं रेस पेट्रोल) गेलंय

न्यूजर्सीकर
गाडी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय एमके७, २.० टर्बो, ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलासाठी स्टेज १ ट्यून (ताकद वाढवायला बदललेलं इंजिनाचं सॉफ्टवेअर). कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला भाग) कंपनीचाच. शनिवारी मिलव्हिलला ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) आहे. टाकीत पाव भाग ९३ होतं, त्यावर एका ओळखीच्याच्या कॅनमधलं २ गॅलन ११० रेस फ्युएल ओतलं. नंतर लेबल वाचलं, तर लेडेड! इंजिन अजून सुरू केलेलं नाही. वर ९३ भरून पातळ केलं तर चालेल का? की काढावंच लागेल?

लॅम्ब्डा
सुरू केलं नाहीत हे उत्तम. आता करूही नका.

शिसं जळून त्याची ऑक्साइडं आणि ब्रोमाइडं एक्झॉस्टमधून बाहेर पडतात. तुमच्या इंजिनात वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) टर्बोच्या घरातच बसवलेला, आणि टर्बोच्या लगेच मागे कॅट. म्हणजे पहिला मारा त्या दोघांवर. सेन्सरच्या सच्छिद्र आवरणात शिसं बसतं, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडला धरतं, आणि सेन्सर आधी बंद पडत नाही तर मंद होतो. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) हवा-पेट्रोल मिश्रणाची खबर उशिरा मिळते, फ्युएल ट्रिम (इंधनाच्या मात्रेतली त्याची दुरुस्ती) भरकटतात, मग कधीतरी पी ०१३३ हा मंद सेन्सरचा एरर कोड येतो. कॅटमध्ये शिसं मौल्यवान धातूंवर थर धरतं. एका टाकीने कॅट पूर्ण मरत नाही, पण कार्यक्षमता घसरते आणि नंतर अनलेडेडवर चालवूनही सगळी परत येत नाही. शेवट पी ०४२०, म्हणजे कॅट कमकुवत झाल्याचा कोड.

टर्बोतात्या
एवढं काय घाबरवताय? ट्रॅकवर लोक सर्रास लेडेड टाकतात. २ गॅलनने काय होतंय!

लॅम्ब्डा
तात्या, त्या गाड्यांना कॅट नसतो, आणि वाइडबँड ते टायरसारखा बदलतात. आकडे बघू. विमानाच्या १००एलएल पेट्रोलात शिसं गॅलनला जास्तीत जास्त २.१२ ग्रॅम. तेच माप धरलं तर २ गॅलनमध्ये ४.२४ ग्रॅम. अमेरिकेत अनलेडेड म्हणवणाऱ्या पेट्रोलाला गॅलनला ०.०५ ग्रॅमची मर्यादा, म्हणजे तुमच्या १३.२ गॅलनच्या भरलेल्या टाकीत ०.६६ ग्रॅम. पातळ करूनही सहापटीच्या वर राहतं. आणि पातळ केल्याने एकूण शिसं कमी होत नाही, ते सगळं त्याच कॅटमधून जाणार, फक्त जास्त मैलांवर. डब्याच्या डेटाशीटवर शिशाचा आकडा असतो, तो २.१२ पेक्षा जास्त असेल तर हिशेब त्या प्रमाणात वाढवा.

आणि हो, १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीत लेडेड टाकणं बेकायदाच आहे. रेससाठीच्या गाड्यांना सूट आहे. कॅटला ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची फेडरल वॉरंटी असते, पण चुकीच्या इंधनाने गेलेला कॅट त्यात बसत नाही.

पाना_नंबर_१३
काढायची पद्धत. गाडी बाहेर मोकळ्यावर ढकलत न्या, गॅरेजमध्ये नको, वॉटर हीटरची ज्योत असते. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. हे विसरू नका, कारण या गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की टाकीतला पंप काही सेकंद चालतो. पाइप सुटा असेल तर पेट्रोलचं कारंजं. मागच्या सीटची गादी उचला, खालचं झाकण काढा. पाइपची क्लिप दाबताना वर फडकं धरा, लाइनमध्ये दाब असतो. मोठी लॉक रिंग तिच्या टूलनेच फिरवा, स्क्रूड्रायव्हर ठोकून नाही. पंप तिरका करून वर घ्या, फ्लोटची (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाची) दांडी वाकवू नका. मग हाताने चालणाऱ्या सायफन पंपाने उपसा. पाव टाकी ३.३ आणि वरचं २, म्हणजे ५.३ गॅलन. ५ गॅलनचे दोन कॅन लागतील, दोन्ही जमिनीवर ठेवून भरा, डिकीत ठेवून नाही.

नायट्राइलचे हातमोजे घाला. टेट्राएथिल लेड (पेट्रोलात शिसं याच रूपात असतं) कातडीतून शरीरात जातं.

लॅम्ब्डा
तळाशी अर्धा गॅलन राहिलं तरी जीव काढू नका. त्यात ११० सुमारे ०.१९ गॅलन, म्हणजे ०.४ ग्रॅम शिसं. वर टाकी ९३ ने पूर्ण भरली की गॅलनला ०.०३, मर्यादेच्या आत. फक्त अर्धवट भरून निघू नका.

न्यूजर्सीकर
धन्यवाद, आज संध्याकाळी काढतो. पण शनिवारी उन्हात नॉक (मिश्रण आपोआप, अवेळी पेटणं) आला तर? तो रोखायला ऑक्टेन वाढवायचंच आहे.

लॅम्ब्डा
अनलेडेड १०० घ्या. सुनोकोचं २६० जीटी अनलेडेड आहे. त्यांचं ११० स्टँडर्ड लेडेड. तुमचं २ गॅलन ११० पूर्ण टाकीत ९५.६ देणार होतं. तेवढंच ५ गॅलन १०० आणि ८.२ गॅलन ९३ मिळून मिळतं. ट्यून ९३ चं असल्याने ताकद फारशी वाढणार नाही. नॉक आल्यावर ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, ते थांबेल एवढंच. गरम ट्रॅकवर तेच हवं असतं.

टर्बोतात्या
बरं, हरलो. ई८५ (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) मिसळलं तर?

लॅम्ब्डा
या ट्यूनवर नको. साडेसात गॅलन ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मध्ये ३ गॅलन ई८५ टाकलं तर इथेनॉल ३१ टक्क्यांवर जातं, इंधन ८-९ टक्के जास्त लागतं आणि हाय प्रेशर पंप वरच्या आरपीएमला तोकडा पडू शकतो. शिवाय पंपावरच्या 'ई८५'मध्ये इथेनॉल ५१ ते ८३ टक्के काहीही असतं, चाचणीच्या नळीत मोजल्याशिवाय हिशेब फोल.

न्यूजर्सीकर
काढलेल्या ५ गॅलनचं काय करू? गवत कापायच्या यंत्रात?

पाना_नंबर_१३
अजिबात नको, ते शिसं तुमच्याच अंगणात पडेल आणि नाकात जाईल. कॅनवर 'लेडेड' असं ठळक लिहा आणि काउंटीच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी द्या. आणि टाकी बंद करताना लॉक रिंगखालचा रबर सील नवा टाका. जुना पेट्रोलने फुगलेला असतो, खाचेत बसत नाही. दाबून बसवला तर पहिल्या फुल टाकीला मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येईल.