जीपीची (फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट मिळतच नाही, इंग्लंडमधल्या मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंग्लंडात राहणाऱ्यांना, त्यातही घरात वयस्कर माणसं असलेल्यांना विचारते आहे.

सासूबाई कायमच्या आमच्याकडेच असतात. सत्तरी ओलांडली आहे, बीपीची गोळी चालू आहे. महिना होऊन गेला, त्यांचा कोरडा खोकला थांबत नाही. ताप नाही, दम लागत नाही, पण रात्री फार उबळ येते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर जीपीला दाखवा, असं एनएचएसच्याच (सरकारी आरोग्यसेवेच्या) साइटवर लिहिलं आहे. आम्हाला दाखवायचंच आहे, पण वेळच मिळत नाही.

फोन सकाळी आठला सुरू होतात. नेमकी तीच मुलांना शाळेत सोडायची वेळ, आणि नवरा तोवर कामावर निघालेला असतो. आठच्या ठोक्याला लावला तरी रांगेत बरेच जण पुढे असतात. आपला नंबर येईपर्यंत "आजच्या संपल्या, उद्या आठला करा" हे उत्तर ठरलेलं. पुढच्या आठवड्यातली द्या म्हटलं तर तशी देत नाहीत म्हणतात. ऑनलाइन फॉर्म सकाळी थोडा वेळ उघडतो आणि बंद होतो. एकदा डॉक्टरांचा घरी फोन आला, तेव्हा मी ऑफिसात होते. आईंना इंग्रजी येत नाही. त्या "यस, यस" म्हणत राहिल्या आणि डॉक्टरांनी बरं वाटतंय समजून फोन ठेवला.

केमिस्टकडे जाऊन आलो. फार्मसी फर्स्टमध्ये (जीपीविना केमिस्टच औषध देतो, ती योजना) घसा, कान, सायनस, नागीण वगैरे सात दुखणी बसतात, खोकला बसत नाही. त्याने नीट ऐकून घेतलं आणि जीपीलाच दाखवा म्हणाला. १११ वरही (एनएचएसची सल्ल्याची हेल्पलाइन) तेच. नवरा म्हणतो सरळ कॅज्युअल्टीत जाऊन बसू. मला ते पटत नाही, ती जागा जिवावर बेतलेल्यांची आहे.

फोनवरच्या मुलींवर माझा राग नाही, त्यांच्या हातात असतं तर त्यांनी दिली असती. पण आई आता माझी झोप मोडू नये म्हणून तोंडावर पदर दाबून खोकतात, ते मला बघवत नाही. कोणाला यातून वाट सापडली असेल तर सांगा. डॉक्टर बदलावा का? तक्रार केली तर पुढे त्रास देतात का?

प्रतिसाद

ताई, आधी एक विचारतो. बीपीची गोळी कोणती? रॅमिप्रिल किंवा त्या जातीतली असेल तर कोरडा खोकला हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. माझ्या वडिलांचं हेच झालं, गोळी बदलल्यावर खोकला गेला. गोळी मनाने बंद मात्र करू नका, बीपी चढेल. बऱ्याच जीपींकडे स्वतःचा फार्मासिस्ट असतो आणि त्याची वेळ डॉक्टरांपेक्षा लवकर मिळते. "मेडिकेशन रिव्ह्यू हवा आहे" असंच मागा, म्हणजे चालू औषधांची फेरतपासणी.

दुसरं, "उद्या परत फोन करा" एवढंच सांगून त्यांना तुम्हाला परत पाठवता येत नाही. एनएचएस आणि जीपींच्या २०२३ च्या करारापासून पहिल्याच संपर्कात गरज तपासून वेळ द्यायची किंवा योग्य ठिकाणी पाठवायचं, असं बंधन आहे. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तातडीच्या नसलेल्या कामांसाठी ऑनलाइन फॉर्म सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३० उघडा ठेवायचा आहे. हे प्रॅक्टिस मॅनेजरला शांतपणे, लेखी विचारा. मला तरी लेखी विचारल्याचाच उपयोग झाला. तिथे काही झालं नाही तर तुमच्या भागातल्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे (त्या भागातली आरोग्यसेवा बघणारी एनएचएसची संस्था) जाता येतं. तक्रार केली म्हणून नाव काढता येत नाही.

फॉर्ममध्ये पहिल्याच ओळीत लिहा: वय, खोकला किती आठवडे, कोणती गोळी. "बरं वाटत नाही" असं मोघम लिहिलं की कागद मागे पडतो. दुभाषी मोफत मिळतो, वेळ घेतानाच मागायचा.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. फक्त थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उतरायला लागलं तर रिव्ह्यूची वाट बघू नका, त्याच दिवशी वेळ मागा. छातीत दुखलं, श्वास घेता येईना, तर थेट ९९९ (आणीबाणीचा नंबर). शिवाय संध्याकाळी ६:३० ते ८ आणि शनिवारी जवळपासच्या जीपींची मिळून सोय असते, रिसेप्शनवर "एन्हान्स्ड अ‍ॅक्सेस"ची वेळ मागा. आपण विचारलं नाही तर बरेचदा सांगत नाहीत. डॉक्टर बदलायची घाई नको, नव्या ठिकाणी पहिल्यापासून सगळं समजावत बसावं लागतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गोळी रॅमिप्रिलच आहे! आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मॅनेजरला ईमेल केला, तो फॉर्म दुपारीही उघडायला लागला, आणि फार्मासिस्टची गुरुवारची वेळ मिळाली आहे, दुभाषासकट. आता एकच विचारायचं आहे: आईंच्या वतीने मला बोलता यावं आणि एनएचएसच्या अ‍ॅपमध्ये त्यांचं खातं बघता यावं, यासाठी संमतीचा अर्ज कोणी दिला आहे का? सहीसाठी आईंना स्वतः जावं लागतं, की घरी सही करून नेलेला चालतो?