महाग गोळी घ्यावी की जुनीच बरी?

घणसोलीकर: बाबांची बीपीची गोळी बदलली, पट्टी तिप्पट महाग, डॉक्टर म्हणतात जास्त चांगली, पण किती चांगली हे कसं कळणार?

कळव्याची ताई: नुसती किंमत नका बघू हो, जुन्या गोळीपेक्षा जास्तीचा फायदा किती नि त्यासाठी जास्तीचे पैसे किती ते बघा. त्या फायद्याचं क्वाली (QALY) म्हणून माप असतं, जगलेली वर्षं नि तब्येत दोन्ही धरून, ठणठणीत काढलेलं १ वर्ष म्हणजे १, निम्म्या तब्येतीत २ वर्षं काढली तरी १च.

नौपाड्यातून: रिक्षा, रक्ततपासणी, तुमची बुडालेली रजा हेही खर्चातच धरा. आईच्या वेळी मी कॅलेंडरच्या मागे सगळं लिहून ठेवायचे. डॉक्टरांना विचारा, १०० जणांनी घेतली तर किती जणांचा अटॅक टळतो? आणि जन औषधीत तोच कंटेंट मिळतो का बघा, पण गोळी मनाने बंद करू नका प्लीज.

घणसोलीकर: सोमवारी विचारतो, थँक्यू ताई.