हायपोथायरॉइड आणि सकाळचे गाणे

प्रश्न : हायपोथायरॉइडची (थायरॉइड ग्रंथी कमी काम करते, त्यासाठीची) गोळी नियमित चालू आहे, रक्ततपासणीतला टीएसएच हा थायरॉइडचा आकडाही आता आटोक्यात आहे, पण सकाळचा जडपणा आणि उगाच येणारी उदासी काही पाठ सोडत नाही. गाण्याने उभारी मिळते, असा कुणाचा अनुभव आहे का? मी स्वतः गायला बसले की आवाज घोगरा लागतो आणि हिरमोड होतो.

उत्तर : लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची हीच गोळी) उपाशीपोटी घेतल्यावर चहासाठी अर्धा ते एक तास थांबावेच लागते, तो वेळ मी तानपुऱ्याला दिला आहे (मोबाइलवरचाही चालतो). फक्त खर्ज (खालचा सूर) लावायचा, तार षड्जाच्या (वरच्या ‘सा’च्या) वाटेला जायचे नाही. या आजारात स्वरतंतूंना सूज येऊन आवाज जड होऊ शकतो, त्यामुळे पट्टी खाली उतरवण्यात कमीपणा मानू नका.

उत्तर : मी नुसती ऐकते. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले तेव्हा देवासला त्यांचे गाणे काही वर्षे बंद होते, आणि पुढे एक फुप्फुस निकामी झालेले असतानाही त्यांनी श्वासाला झेपेल अशी स्वतःची गायकी घडवली. त्यांची निर्गुणी भजने ऐकताना ‘सकारात्मक राहा’ असा उपदेश कुणी करत नाही, हेच मला फार बरे वाटते.

उत्तर : गाणे चालू ठेवाच, मात्र उदासी हटत नसेल तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर ४ तासांनी घ्यावी. घोगरेपणा टिकला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.