ट्रान्समॉनच्या वरच्या पातळ्या 'फुकट' नाहीत

मिलीकेल्विन: काल इथे एकाने लिहिलं, "ट्रान्समॉनला दहा पातळ्या असताना दोनच वापरणं म्हणजे कंजूषपणा. बाकीच्या फुकट पडल्यात." राहवेना म्हणून लिहितोय. ट्रान्समॉन म्हणजे अतिवाहक सर्किटचा क्यूबिट, क्वांटम संगणकाचा एकक; हिशोबाला त्याच्या ऊर्जेच्या ० आणि १ या दोनच पातळ्या वापरतात. ईजे/ईसी (जोसेफसन आणि चार्जिंग ऊर्जांचं गुणोत्तर) ५० धरलं तर ऊर्जेच्या विहिरीत सहाच पातळ्या मावतात. ०-१ चं अंतर ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, १-२ चं त्याहून जेमतेम २००-३०० मेगाहर्ट्‌झने कमी. कमी वेळाचा मायक्रोवेव्ह पल्स मारला की त्याच्या वारंवारतेचा पसारा शेजारच्या १-२ पर्यंत पोचतो आणि स्थिती २ वर निसटते. २००९ मध्ये ड्रॅग हा खास आकाराचा पल्स आला तो यासाठीच. शिवाय २ चं आयुष्य १ च्या साधारण निम्मं, आणि जितकं वर जाल तितका चार्जचा गोंगाट (आसपासच्या विद्युतभाराचे चढउतार) जास्त.

तिसरी_पातळी: वापरली नाही म्हणून पातळी २ कुठे जात नाही! गळती झाली, म्हणजे स्थिती २ वर निसटली, की साध्या एरर करेक्शनला (चुका दुरुस्त करण्याच्या पद्धतीला) ती धड कळतही नाही. मग ताब्यात का ठेवू नये? टॉफोलीला (तीन क्यूबिटच्या गेटला) नुसत्या क्यूबिटवर ६ सीनॉट (दोन क्यूबिटची गेट्स) लागतात, तिसरी पातळी घेतली की दोन क्यूबिटची ३ गेट्स पुरतात. आणि येलने २०२५ मध्ये क्यूट्रिट (तीन पातळ्यांचा एकक) ब्रेक-इव्हनच्या पुढे नेला, म्हणजे चुका दुरुस्त करून तो दुरुस्तीविना टिकतो त्याहून जास्त टिकवला, तो विसरलात?

मिलीकेल्विन: तो क्यूट्रिट कॅव्हिटीत (मायक्रोवेव्ह साठवणाऱ्या पोकळीत) होता. ट्रान्समॉन फक्त मदतनीस. उदाहरण देताना एवढं तरी सांगा.

फ्रिजवाली: भांडा तुम्ही. आमचं तीन पातळ्यांचं रीडआउट (स्थिती कोणत्या पातळीवर आहे ते वाचणं) कशाने अडलं? वाचनाचा क्षीण सिग्नल वाढवणारा ४ केल्विनवरचा अ‍ॅम्प्लिफायर पावसाळाभर कस्टम्समध्ये पडून होता. मोजमापाच्या आलेखात ० आणि १ चे ठिपके कसेबसे वेगळे दिसायचे, २ चा १ मध्ये मिसळलेला. विद्यार्थिनीचा प्रबंध लांबला.

मिलीकेल्विन: खरेदीची रड वेगळ्या धाग्यात घ्या.

फ्रिजवाली: वेगळी कशी? पातळी ओळखूच आली नाही तर ताबा कशावर? इथे कागदावरचे पल्स सगळ्यांना येतात, कोटेशनच्या फायली कोण फिरवतं?

पुणे_४५: सगळंच बाहेरून येतं असं नाही. २०२४ च्या ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चिप टीआयएफआर या संशोधन संस्थेत कुलाब्याला बनली. नियंत्रण यंत्रणा डीआरडीओच्या पुण्याच्या प्रयोगशाळेने जुळवली, त्यात स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्डही होते.

फ्रिजवाली: बोर्ड जुळवाल हो. अ‍ॅम्प्लिफायर आणि सर्क्युलेटर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बनवून दाखवा, मग बोलू.

मिलीकेल्विन: बरं, रीडआउटचं खरं आहे. टॉफोलीचंही मान्य. पण गेट चालू असताना २ वर बसलेली स्थिती किती वेळा घसरते, ते मोजून टाका. तोवर 'फुकट' म्हणू नका.

तिसरी_पातळी: 'फुकट' मी म्हटलंच नव्हतं, तो कालचा. मोजते आणि टाकते.