मदत हवी आहे: जुन्या जिप्सीच्या स्टेअरिंग शाफ्टच्या स्प्लाइन (उभे दात) झिजल्यात, वेल्डिंग करू का दुसरा शाफ्ट शोधू?

नमस्कार मंडळी,

१९९८ ची जिप्सी किंग आहे, कार्ब्युरेटरवाली १.३. गाडी आजऱ्याला असते. शेताच्या वाटा, आंबोली घाट, पावसाळ्यातला चिखल, सगळीकडे तिच्यावरच भिस्त. स्टेअरिंगचा प्ले आता फारच वाढलाय. सरळ रस्त्यावर व्हील दोन-अडीच इंच फिरवलं तरी पुढची चाकं हलत नाहीत, मग एकदम पकडतात. खड्ड्यात गेली की कॉलममधून टक् आवाज येतो आणि तो हाताला लागतो. काम होईपर्यंत घाटात न्यायची नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

काय काय तपासलं ते आधी सांगतो. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, त्यामुळे इंजिन बंद ठेवूनही सगळं कळतं. गाडी जमिनीवरच ठेवली, जॅकवर नाही. वजन चाकांवर असलं तरच सांध्यांवर खरा ताण येतो. भावाला व्हील हलकेच डावं-उजवं करायला बसवलं आणि वरून खाली एकेक सांधा हाताने धरून पाहिला. टाय रॉड एंड ठीक, ड्रॅग लिंक ठीक. ड्रॉप आर्म (चाकांकडे जोर नेणारा दांडा) स्टेअरिंग बॉक्सच्या शाफ्टबरोबरच हलतोय. बहुतेक सगळा प्ले बॉक्सच्या वरच आहे:

– बॉक्सजवळच्या रबर कपलिंगला चिरा गेल्यात आणि बोल्टची भोकं लांबट झालीत.
– वरच्या यूजेचा (युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकणारा सांधा) मधला क्रॉस एका जागी अडकतो, पुढे मोकळा फिरतो. आतल्या सुया गंजल्या असाव्यात.
– यूजेचा योक (काटा) ज्या स्प्लाइनवर बसतो तिथे बोल्ट पूर्ण आवळूनही तो हलतो. योकची फट जवळजवळ मिटलीय, म्हणजे आणखी आवळायला जागाच नाही.

गेल्या पावसाळ्याआधी एका गॅरेजमध्ये दाखवली होती. त्यांनी स्टेअरिंग बॉक्सच्या झाकणावरचा स्क्रू आवळून दिला. प्ले कमी वाटला, पण वळणानंतर व्हील आपोआप सरळ येईना, मधोमध जड लागायला लागलं. तो स्क्रू बॉक्सच्या आतल्या झिजेसाठी असतो. शाफ्टचा प्ले त्याने झाकला जातो आणि बॉक्स मात्र खराब होतो. दुसऱ्याकडून परत मोकळा करून घेतला.

आता एक मिस्त्री म्हणतात, योकला स्प्लाइनवर वेल्डिंगचे चार टाके मारू, कायमचं काम होईल. माझं मन तयार होत नाही. चालत्या गाडीत ब्रेक गेला तर गिअर आणि हँडब्रेक तरी हाताशी असतात, स्टेअरिंगचा शाफ्ट सुटला तर काहीच उरत नाही. तर विचारायचं असं, की टाके मारणं कुणी केलंय का? नुसता योक आणि क्रॉस बदलून भागेल की शाफ्टही बदलावा लागेल? आणि रबर कपलिंग काढून तिथे दुसरा यूजे बसवावा का?

प्रतिसाद १

दादा, टाके अजिबात मारू नका. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो, असे शाफ्ट आमच्याकडे येतात. स्प्लाइनचं पोलाद साधं सळईचं नसतं. टाक्याच्या कडेला ते तापून एकदम थंड होतं आणि ठिसूळ बनतं. ताबडतोब काही दिसत नाही. रोजच्या पिळाने तिथेच बारीक चीर जाते आणि एक दिवस तुटतं. शिवाय उष्णतेने क्रॉसचं ग्रीस आणि सील जळतं ते वेगळंच.

आधी शाफ्ट उतरवा. उतरवण्यापूर्वी व्हील सरळ ठेवा आणि प्रत्येक सांध्यावर पंचने खूण करा, नाहीतर जोडताना एखादा दात सरकतो आणि व्हील तिरकं बसतं. मग स्प्लाइन डिझेलने धुऊन दातांचा माथा बघा. माथा सपाट असेल तर शाफ्ट चांगला, झीज योकमध्ये आहे. नवीन योक-क्रॉसने काम होईल. दात टोकदार झाले असतील तर शाफ्ट बाद धरा, नवा योकही त्यावर टिकणार नाही. योकचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आडवा जातो का तेही पाहा. त्या खाचेमुळेच बोल्ट सैल झाला तरी योक वर सरकून निघत नाही. जोडताना तिथे मूळ मापाचाच हाय-टेन्साइल बोल्ट घ्या, दुकानातला साधा नको.

रबर कपलिंगच्या जागी यूजे बसवतात, मी स्वतः बसवणार नाही. रबर रस्त्याचे हादरे गिळतं. आणि दोन यूजे एका ओळीत आले की त्यांचे काटे नेमके जुळवावे लागतात. एक सांधा २० अंशांत वाकलेला असेल तर एका फेरीत खालच्या शाफ्टचा वेग वरच्यापेक्षा सहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होतो. काटे जुळलेले असले तर दुसरा सांधा तो फरक पुसतो, चुकले तर वाढवतो. मग वळणात व्हील कधी हलकं, कधी जड लागतं.

प्रतिसाद २

कपलिंग आणि क्रॉस एकत्र का गेले ते शोधा. बॉक्स चासीवर असतो आणि कॉलम बॉडीवर. मधले बॉडी माउंटचे रबर बसले की बॉडी खाली येते, शाफ्टचा कोन बदलतो आणि सगळा ताण कपलिंगवर येतो. आपल्याकडच्या पावसात हे रबर लवकर कुजतात. ते न बदलता नवीन कपलिंग टाकलं तर तेही चिरेल. आणि हॉर्न कधी वाजतो कधी नाही असं होतं का?

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. हो, हॉर्न तसाच वागतो! मी स्विच बदलायला निघालो होतो. कपलिंग रबराचं असल्यामुळे हॉर्नचं अर्थिंग तिथेच तुटत असणार, नवीन बसवताना दोन्ही बाजू जोडणारी तार आहे का ते बघतो.

काल शाफ्ट उतरवला. वरचे दात चांगले आहेत, पण योक बसतो त्या पट्ट्यातले टोकदार झालेत, तेव्हा शाफ्टही बदलायचा. पुढच्या डाव्या बॉडी माउंटचं रबर बोटाने दाबलं तर भुगा झालं, बाकीची सगळीच मागवतोय. टाके मारायचा विषय घरी आणि मिस्त्रींकडेही मिटवला.

जुन्या मालाच्या बाजारात दोन शाफ्ट सापडलेत, पण दुकानदाराला ते कोणत्या वर्षाच्या गाडीचे ते माहीत नाही. ज्यांच्याकडे १९९६ ते २००० मधली किंग आहे त्यांनी खालच्या शाफ्टची लांबी आणि स्प्लाइनचे दात मोजून कळवाल का? दात मोजताना एकावर खडूची खूण करा, नाहीतर एखादा दोनदा मोजला जातो. बाहेरचा व्यास व्हर्नियरने घेतलात तर फार बरं होईल.