अनुभव धागा: वस्ती सुधारली, तेव्हा रोजच्या जगण्यात काय बदललं?

झोपडपट्टी पुनर्वसनाची चर्चा निघाली की एफएसआय (जागेवर किती बांधता येईल ते प्रमाण), टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क), बिल्डर सगळे येतात. तिथे राहणारी माणसं क्वचितच बोलताना दिसतात. म्हणून हा धागा. वस्तीत वाढला असाल, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेतल्या) इमारतीत राहत असाल, वस्तीत काम करत असाल, तर लिहा. नळ, संडास, उजेड, कागदपत्रं, काहीही चालेल.

घाटकोपर
आमच्या टेकडीवर 1976च्या झोपडी-गणनेचा फोटोपास, म्हणजे कुटुंबाच्या फोटोसह झोपडीची सरकारी नोंद, हे घरातलं सोनं. आजी-आजोबा, पोरंबाळं, सगळी एका फोटोत. पत्रा गळायला लागला की आई आधी ती पिशवी हलवायची, मग भांडी लावायची. पुढे गटाने नळजोडणी घेताना तोच पास कामी आला. त्याआधी शाळेला जायच्या आत मी खालून कळशा वाहायचे. नळ आला आणि माझा पहिला तास बुडायचा थांबला. वस्तीतल्या मुलींचं शिक्षण पाण्यापाशी अडतं, हे मी पोटतिडकीने सांगते.

येरवडा, पुणे
जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधार योजनेतून आमची घरं जागच्या जागी झाली. गल्ली तीच, शेजार तोच. घर साधारण 270 चौरस फुटांचं, दहा टक्के हिस्सा आमचा. महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका दारोदार फिरून नकाशा समजावत होत्या. आमच्या नकाशात देव्हाऱ्याच्या भिंतीलाच संडास येत होता. सासूबाई अडून बसल्या. शेवटी जिना फिरवला आणि संडास मागच्या भिंतीला गेला. टॉवरमध्ये एका म्हातारीचं एवढं कोण ऐकतं? बांधकाम होईपर्यंतचं भाडं मात्र आमचं आम्ही भरलं आणि ते फार जड गेलं.

मुंबई, एसआरए इमारत
225 चौरस फूट, सातवा मजला. बांधकाम होईपर्यंतचं भाडं बिल्डरने मधेच बंद केलं होतं, तो काळ आठवायलाही नको वाटतं. आई वस्तीत दारात बसून गजरे करायची, येणारा-जाणारा गिऱ्हाईक. इथे दार उघडलं की अंधारा पॅसेज. तिचा धंदा बसला, वर मेंटेनन्स सुरू झाला. लिफ्ट बंद असली की ती खाली उतरतच नाही. तरी परत जाल का विचाराल, तर नाही. रात्री संडासला जायचं तर बहीण आईला उठवायची, दोघी टॉर्च घेऊन निघायच्या. ते संपलं.

मानखुर्द, आरोग्यसेविका
टीबीच्या गोळ्या द्यायला पुनर्वसनाच्या इमारतींत फिरते. दोन इमारतींत अंतर इतकं कमी की भर दुपारी ट्यूबलाइट लागते. लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमधल्या अपुऱ्या उजेड-वाऱ्याचा टीबीशी संबंध 2018च्या अभ्यासातून पुढे आला. खालच्या मजल्यांवरची घरं मला पाठ झालीत.

सांगली
शेल्टर असोसिएट्स या संस्थेने संडासाचं सामान दारात आणून दिलं, गवंड्याची मजुरी आम्ही दिली. घरात संडास झाला. छप्पर अजून पत्र्याचंच आहे.

भाडेकरू, मुंबई
सर्वेक्षणाला माणसं आली तेव्हा घरमालक येऊन उभा राहिला. परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे घर मिळायला पात्र असलेल्यांच्या यादीत, त्याचं नाव लागलं. वस्तीची इमारत झाली, आम्ही पुढच्या वस्तीत गेलो.

पिंपरी
येरवड्याच्या ताई, आमच्याकडे आता बैठका सुरू झाल्यात. तुमचे दहा टक्के हप्त्याने घेतले की एकरकमी? आणि जिना फिरवायचं तुम्ही कुठल्या टप्प्यावर सांगितलंत? आमचा नकाशा अजून कच्चाच आहे.